रकानेबाईंची रिकामी यादी

"ज्या गोष्टीला रकाना नाही, ती गोष्ट हरवली म्हणून समजा." हे वाक्य बाई इतक्यांदा म्हणत, की पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सगळे त्यांना रकानेबाईच म्हणू लागले. समोर नाही, पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून त्या मनातून सुखावत.

कचेरी पंपघराच्या माथ्यावर. खाली मोटार सुरू झाली की टेबलावरचा चहा कपातल्या कपात थरथरे आणि ओल्या भिंतीचे पोपडे फायलींवर गळत. त्या खोलीत बसून बाईंनी जमिनीखाली पुरलेल्या तीनशे चाळीस व्हॉल्व्हची विकी उभी केली. विकी म्हणजे कॉम्प्युटरवरची सामाईक वही. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं. पण मोकळी वही हाती दिली की माणसं काय लिहितात? एकाने लिहिलं, 'जरा जड.' दुसऱ्याने, 'मागच्यासारखाच.' तिसऱ्याने, 'दुकानासमोरचा', आणि ते दुकान उठून जमाना झालेला.

म्हणून बाईंनी फॉर्म केला. नंबर, जागा, किती इंची, कुठल्या बाजूला फिरतो, शेवटची दुरुस्ती कधी. रकाने भरले की साच्यातून वीट निघावी तसं प्रत्येक व्हॉल्व्हचं नेटकं पान निघे. दोन वर्षांत हात न लागलेले कोणते, ती यादीही आपसूक तयार होई. या कामापायी दीड वर्ष बाईंनी रक्ताचं पाणी केलं.

त्यांची आई उताराच्या गल्लीत राही. तिथला दोनशे बारा नंबरचा व्हॉल्व्ह अर्धवट अडकलेला, त्यामुळे नळाला करंगळीएवढी धार. आई फोनवर विचारी, "तुझ्या त्या पानावर आमचा नळ कसा दिसतो गं? धो धो वाहतो ना?"

"येत्या शनिवारी वर्षाच्या दुरुस्त्यांची यादी वर जाते आई. तुझा नंबर त्यात येणारच. वशिला नको, रकाना पुरे."

शनिवार पाच दिवसांवर असताना, सोमवारी सकाळी साहेबांनी यादी उघडली. रिकामी होती.

"वा, बाई! एकही बाकी नाही? कमाल केलीत!"

बाईंनी दोनशे बाराचं पान उघडलं. शेवटची दुरुस्ती, चार महिन्यांपूर्वी. दोनशे तेराचीही तीच तारीख. त्या दिवशी काय झालं होतं, हे बाईंना चांगलं आठवत होतं. त्या दिवशी फॉर्म भरले गेले होते.

त्या जिना उतरून खाली आल्या. पायरीवर चावीवाले काका गुडघा चोळत बसले होते. तीस वर्षं त्यांनी व्हॉल्व्ह उघडले, तीस वर्षं बंद केले.

"काका, दोनशे बारा कधी दुरुस्त केलात?"

"केला कुठे? गंजून बसलाय तो."

"मग तारीख कुणी टाकली?"

"मीच टाकली. तुमचा फॉर्म पुढे सरकेचना! तारीख टाका, तारीख टाका, नुसती लाल अक्षरं. भर रस्त्यात मी मोबाईल धरून उभा, मागे ट्रकवाला माझ्या सात पिढ्या उद्धरतोय. टाकली त्या दिवसाची. सगळ्यांनी तेच केलं."

"अहो, माहीत नाही म्हणून लिहायचं!"

"कुठे लिहायचं, बाई? त्याला रकाना कुठे होता?"

आपणच लावलेल्या दारात आपलंच बोट चेमटलं, तर बोंब तरी कुणाच्या नावाने मारायची?

त्या वर गेल्या. फॉर्ममध्ये 'माहीत नाही' घातलं. दीडशे पानांवरच्या खोट्या तारखा एकेक करून पुसल्या, आणि यादी साहेबांपुढे ठेवली.

"'माहीत नाही' दुरुस्त करा, असं वर लिहून पाठवू?" साहेब म्हणाले. "प्रत्यक्ष पाहून जे लिहाल, तेवढेच नंबर जातील. शनिवार म्हणजे शनिवार."

"दीडशे आहेत, साहेब. एक आठवडा वाढवून मिळाला तर..."

"आणि हो," साहेब हसले, "मातोश्रींची गल्ली उतारावर आहे ना? तेवढा एक पाहून या. आम्ही समजून घेऊ."

बाईंचे कान तापले. त्यांनी वही घेतली आणि कोपऱ्यातली व्हॉल्व्ह फिरवायची कमरेएवढी लोखंडी चावी उचलली.

पायरीवर काका म्हणाले, "आधी दोनशे बारा घ्या. जवळ पडतो."

"एकपासून घेणार."

"दिवसाला दहा झाले तरी डोक्यावरून पाणी. शनिवारपर्यंत तो यायचा नाही, बाई."

"कळतंय मला."

"मग आईला काय सांगाल?"

"तिला सांगेन, काकांनी तारीख टाकली," बाई फटकन बोलल्या. मग चावी दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "नाही. मीच सांगेन काहीतरी."

आणि त्या निघाल्या. चावीचं टोक रस्त्याला घासत खर्र खर्र वाजत होतं. काकांनी उठायला गुडघ्यावर हात टेकला, पण गुडघ्याने साथ दिली नाही. ते तसेच बसून पाहत राहिले. वळणाच्या तोंडाशी उताराची गल्ली डावीकडे उतरते. बाई तिथे क्षणभर थबकल्या, पदर खोचला आणि उजवीकडे वळल्या. त्या दिसेनाशा झाल्यावरही चावीचा आवाज काकांना बराच वेळ ऐकू येत होता.