टोपलीची ठेव

१४ मे. पतसंस्थेच्या मागच्या खोलीला रंग द्यायचा होता, म्हणून सकाळपासून मी आणि आमचा कॅशियर सामान बाहेर काढत होतो. मोडक्या खुर्च्या, जुने फलक, बांबूच्या टोपल्या, सगळं भंगारवाल्या चाचांच्या गाडीवर चढवलं. मधेमधे मी वर्धापनदिनाच्या पुस्तिकेसाठी ‘संस्थेचा इतिहास आणि सेवा’ हे पान लिहीत होते. आर्णीतली आमची छोटी संस्था, कापसाच्या बाजाराजवळ एका खोलीत सुरू झालेली. बचत खातं, रोजची वसुली, सोनेतारण. मी व्यवस्थापक असले तरी इथे नवीनच, आणि पहिले सचिव वारलेले. त्यामुळे इतिहास बहुतेक ऐकीव.

तेवढ्यात तांड्यावरची एक म्हातारी काउंटरशी आली.

“माही ठेव द्या वं बाई. परवा नातीचं लगन हाय.”

मी खाते क्रमांक विचारला.

“खातं कायले? ठेव ठेवली मी.”

संगणकात तिचं नाव सापडेना. मुदत ठेव नाही, बचत नाही, शेअरसुद्धा नाही. किती रुपयांची होती, विचारलं.

“रुपये कोण म्हणते? टोपली ठेवलती. सेक्रेटरीसाहेबानं हातानं घेतलती.”

मी आणि कॅशियरने एकमेकांकडे पाहिलं. टोपल्या तर सकाळीच गेल्या! मी स्पीकरवर चाचांना फोन लावला.

“हां भाभी, तीन होत्या,” चाचा म्हणाले. “दोन दुकानात हायेत. एकीत बीवीनं कांदे भरले.”

म्हातारी भडकली. “माह्या टोपलीत कांदे? लसणाची पाकळी मावत नाही तिच्यात!”

“मंग ते टोपली कायची, याडी?” चाचांनी तिला तांड्याच्या बोलीत ‘आई’ म्हणत विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं.

तिने ओढणी मागे सारली आणि कानशिलावरच्या केसांना बोट लावलं. “इथं घालतेत. चांदीची.”

लग्नात नवरीच्या केसांत दोन्ही बाजूंना अडकवायचा दागिना. मी मारेगावकडची, आमच्याकडे टोपली म्हणजे टोपलीच. कॅशियर मात्र इथलाच. त्याला विचारलं, तुला कळलं कसं नाही?

“तुम्ही फोन लावला मॅडम, म्हणून मलेबी बांबूचीच वाटली.”

मग म्हातारीने सांगितलं. तांडा ऊसतोडीला निघाला की घरांना कुलपं लागायची, म्हणून बायका आपली चांदी सचिवांकडे ठेवून जायच्या आणि परत आल्यावर घेऊन जायच्या. हिने मात्र सून येईपर्यंत राहू दे म्हटलं.

“पोरानं परस्पर लगन केलं. मंग राह्यली इथंच.”

जुनी तिजोरी जड म्हणून मागच्या खोलीतच होती. खालचा कप्पा मी कधी उघडला नव्हता. त्यात एक पत्र्याचा डबा निघाला आणि डब्यात कापडाची लहान लहान गाठोडी. एकावरही चिठ्ठी नाही. म्हातारीने बाकीच्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. आरशांच्या काठाचं एक उचललं आणि सोडलं. आत काळे पडलेले चांदीचे दोन झुबके.

मी ते तिच्या हातातून परत घेतलं. नोंद नसताना देणार कशी? अध्यक्षांना तसाच स्पीकरवर फोन केला.

“नोंद नाही तर देऊ नका,” ते म्हणाले. “आणि नोंद नाही तर ते आपल्याकडे आहे, असंही कुठे बोलू नका.”

“मंग हे हाय काय?” म्हातारीने माझ्या हाताकडे बोट दाखवलं.

मी गाठोडं पुन्हा बांधून डब्यात ठेवलं. उद्या या, म्हटलं.

“उद्या हळद हाय. पोरगी मोकळ्या डोक्यानं बसन काय?” असं म्हणून ती रिकाम्या हाताने गेली.

संध्याकाळी मी डबा पुन्हा उघडला. बाकीची गाठोडी कोणाची? त्या बायका आल्या नाहीत, की येऊन माझ्यासारखीकडून परत गेल्या? आणि म्हातारीने दुसऱ्याच कोणाचं उचललं असेल तर? सोनेतारणाचे सगळे नियम मला पाठ आहेत. त्यातला एकही इथे लागू होईना.

१५ मे. सकाळी ते गाठोडं स्कूटीच्या डिकीत टाकून मी तांड्यावर गेले. म्हातारीच्या घरी आधी गेलेच नाही. वाटेत पाणी भरणाऱ्या दोन वयस्क बायकांना बांधलेलं गाठोडं दाखवून विचारलं, हे कोणाचं?

“हळदीचं घर ते,” एकीने आरशांचा काठ पाहून मांडवाकडे हात केला. दुसरी म्हणाली, “आता आणलं काय?”

म्हातारीच्या हातात गाठोडं दिलं आणि अंगठ्यासाठी पावती पुढे केली.

“अंगठा कायले? ठेवताना साहेबानं घेतलता काय?”

पावती पर्समध्ये घातली. बायकांनी चिंचेच्या पाण्याने चांदी घासली आणि नवरीच्या वेणीत एक बाजू अडकवायला घेतली.

“हे धर वं बाई,” म्हणत म्हातारीने दुसरी टोपली माझ्या हातात दिली. संस्था उघडायची वेळ होऊन गेली होती. मी ती धरून उभी राहिले.