थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा

त्या दिवशी लोह्याच्या सेवा केंद्राबाहेर बाकड्यावर बसून मी आणि माझी बायको सुमन एकाच कपातला चहा बशीत ओतून पिलो. आत केंद्रवाला माधव तिच्या उपचार कार्डाचा अर्ज भरून राहिला होता. कार्ड निघालं की लातूरला काळजाच्या झडपेचं ऑपरेशन फुकट. डॉक्टरनं बजावलं होतं, लांबवू नका.

माधवनं बटण दाबलं. चक्र फिरलं आणि नेहमीचीच ओळ आली... 'तांत्रिक अडचण. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' भरलेलं सगळं पुसून गेलं.

"मामी, सर्व्हर डाउन हाय. सोमवारी या."

"मागल्या सोमवारीबी डाउनच होता. सदाचा आजारी हाय का त्यो?" सुमन म्हणली. मग माझ्याकडं वळून, "ह्याच्यापरीस आपली म्हैस बरी वो. लाथ मारती, पण कोणतं थान दुखतंय ते तरी कळतं."

तिची रीतच तशी. सुनेला भाकर बिघडली एवढंच कधी म्हणली नाही. पीठ जुनं हाय, कढत पाणी घाल, असं सांगायची. संगणकावरच्या त्या अर्जाच्या पानाला तेवढी अक्कल नव्हती. ते बनवणाऱ्यांनी गार खोलीत बसून सगळ्या चुकांना एकच ओळ चिकटवली. मी त्यांना माफ करणार नाही, आणि कोणी माझी समजूत घालायला येऊ नये.

सोमवार उजाडलाच नाही तिला. शनिवारी संध्याकाळी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदगीरहून तिची बहीण आली. अंगावर पडून रडायला लागली, "कोंडे, उठ गं..." माधव दारात उभा होता. हळूच म्हणला, "मामा, कोंडा कोण?"

"हीच. माहेरचं नाव. लग्नात आम्ही सुमन ठेवलं. राशनच्या यादीत अजून कोंडाबाईच हाय."

त्याचं तोंड उतरलं. "आधारला तर सुमन हाय. मी आधारचा अन् राशनचा नुसते नंबर टाकून राहिलो... तरीच बाकीच्यांचे अर्ज जात होते. नाव जुळत नव्हतं, मामा."

म्हणजे तहसीलात जाऊन नाव दुरुस्त केलं असतं, तर झालं असतं. पान थांबा म्हणलं, म्हणून आम्ही थांबलो.

मी माधवला शिवी दिली नाही. म्हणलो, "इथं थांबू नको. केंद्र उघड. सोमवारी या म्हणून जेवढ्या बाया माघारी धाडल्यास, त्यांच्या घरी फोन लाव, माहेरची नावं विचार."

तो गेला. मग मी खांदा द्यायला उठलो.