रंग वाळेपर्यंत

एक थर वाळल्याशिवाय चित्रावर दुसरा देता येत नाही. तोवर करायचं काय? चहा आणि गप्पा! म्हणून छावणी भागातल्या आमच्या स्टुडिओत चित्रांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. आम्ही तिघं. मी, ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेल्या शोभाताई आणि खुलताबादचा अन्वर. तिघंही अ‍ॅबस्ट्रॅक्टवाले. डोंगर, माती, पानं आणि त्यांचं हळूहळू नाहीसं होणं, हाच तिघांचा विषय.

*

गावाकडचे माझे काका एकदा आले. चित्रासमोर बराच वेळ उभे.

"काय हाय हे?"

"पानगळ, काका."

"मग पानं कुठंयत?"

"गळाली ना!"

काका जाम खूश. आता गावभर सांगतात, "आमच्या पोराची चित्रं लई सोपी असत्यात!"

*

अन्वर अर्धा झालेला कॅनव्हास टेकडीवर नेऊन ठेवतो. ऊन, वारा, धूळ लागली की पुढचं काम. एकदा आणायला गेला, तर शेळ्यांनी कोपरा खाल्लेला! शेळ्या राखणारे मामा कावरेबावरे. "चुकलं बघा. जरा नजर हटली अन्..."

अन्वर कॅनव्हास न्याहाळत म्हणाला, "राहू द्या मामा. याच कोपऱ्यात काय करावं, मला सुचत नव्हतं!"

तसंच फ्रेम केलं पठ्ठ्यानं.

*

शेंद्र्याच्या एका कारखान्यासाठी शोभाताईंनी हळदीच्या रंगात चित्र केलं. रंग फिका होत जाणार, हे आधीच बजावलेलं. तरी काही महिन्यांनी मॅनेजरचा फोन आलाच.

"मॅडम, पिवळा उडायला लागलाय!"

"चित्राचं नाव काय?"

"उतरतं ऊन."

"मग? उतरतंय ना!"

पलीकडं मग साहेब जे हसत सुटले! ताई बदलून द्यायला तयार होत्या, पण साहेबांनी चित्र भिंतीवरून हलू दिलं नाही.

*

अन्वरच्या अब्बांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. सगळं विसरत चाललेत. अन्वरनं कितीतरी दिवस खपून एक मोठं चित्र केलं. राखाडीत विरत जाणारा राखाडी. नाव दिलं 'अब्बा'. प्रदर्शनाला त्यांना हात धरून घेऊन आला. मी आणि शोभाताई बाजूला उभे राहून बघतोय.

अब्बा चित्रासमोर खूप वेळ थांबले. मग अन्वरकडं वळले.

"भाईसाब, ये तुम बनाए क्या?"

"जी."

"अच्छा है." मग त्याला वाईट वाटू नये म्हणून अगदी कानाशी येऊन म्हणाले, "बुरा नक्को मानो. मेरा अन्वर इससे अच्छा बनाता!"