पगारातून कापलेलं दान

हडपसरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ दानशूर आहेत, आणि ते आम्हाला विसरू देत नाहीत. एका अंधशाळेसाठी त्यांच्या पगारातून दरमहा तीनशे रुपये कापले जात. "अहो, दान कुणीही करतं, कागद कोण सांभाळतं?" असं म्हणत ते निळी फाइल उघडत. प्रत्येक पगारपत्रकात कापलेल्या रकमेखाली पट्टी धरून लाल रेघ, शाळेच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. शाळेतल्या मुलांनी पाठवलेली दिवाळीची शुभेच्छापत्रंही होती. त्या पत्रांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वर्षं लिहून ती पावत्यांच्या मध्ये खूण म्हणून घातलेली. "पुठ्ठा चांगलाय," म्हणाले.

यंदा एप्रिलात त्यांनी नवी करप्रणाली निवडली. तिच्यात दानावर सूट नाही म्हटल्यावर त्याच दुपारी त्यांनी एचआरला कपात थांबवायचा मेल केला.

"मग आता ही फाइल रद्दीत?" मी विचारलं.

ते दचकलेच. "छे! उद्या इन्कमटॅक्सची नोटीस आली तर? आपण दान करत होतो, याला पुरावा नको?"

हे मात्र मला पटलं. पुराव्याशिवाय खरंच कुणी विश्वास ठेवला नसता.