पट्टी बांधलेला हात

आमच्या उरवड्याच्या कंपनीचे कारखाने देशोदेशी आहेत. त्या सगळ्या कारखान्यांत वर्षातून एकदा प्रत्येकाने संगणकावर सुरक्षेचा धडा बघायचा आणि शेवटी प्रश्नांची उत्तरं द्यायची. उत्तर दोनदा चुकलं तर गेटवरचं कार्ड बंद. त्या धड्यात माझा हात आहे. पट्टी बांधलेला, हिरव्या बांगड्यांचा. खाली लिहिलंय, 'एक महिला कर्मचारी, भारत.' नाव नाही, तोंड नाही. सेफ्टीच्या साहेबांनी फोटो घेताना तेवढा शब्द दिला होता आणि तो पाळलाही. पण आमच्या लाइनवरच्या बायकांना माझ्या बांगड्या ओळखायला नाव कशाला लागतंय?

झालं ते असं. खंडेनवमीला आम्ही पॅकिंगचं मशीन पुसून त्याला हार घातला. पूजेचा फोटो चांगला यावा म्हणून याच साहेबांनी जाळीचं झाकण काढायला लावलं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर मशीन सुरू झालं, झाकण तसंच बाजूला. हाराचं टोक पट्ट्यात ओढलं जाताना दिसलं आणि मी हात घातला. पूजेचा हार डोळ्यांदेखत कसा चिरडू द्यायचा? हार वाचला नाहीच, उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेरही गेलं.

बोटाचं दुखणं सरलं, लाज काही सरली नाही. वरून हुकूम आला, यापुढे कुठल्याच मशीनला हार घालायचा नाही. पुढच्या खंडेनवमीला शेजारच्या लाइनवरची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "तुज्यापायी आमचं मशीन उघडंबोडकं ऱ्हायलं बघ." मी मान खाली घातली.

यंदा धडा बघायला माझ्या शेजारी ताम्हिणीकडून आलेली नवी बाई बसली होती. पडद्यावर माझा हात आला तशी ती खुदकन हसली. "ताई, कोन ही बया? चालू मशीनमदी हात घालती!"

"आसंल कोनतरी येडी," म्हणत मीही हसले आणि हातमोजा घातलेला उजवा हात ॲप्रनच्या खिशात सरकवला. हसू ओठांवर असतानाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी बोलली तेव्हासुद्धा इतकी लाज वाटली नव्हती.

मग प्रश्न आला, या कर्मचाऱ्याचं काय चुकलं? घाई, अपुरी झोप, निष्काळजीपणा, नियम माहीत नसणं, यातलं एक निवडायचं. झाकण कुणी काढायला लावलं ते त्यात कुठेच नव्हतं. नव्या बाईचं उत्तर एकदा चुकलं होतं. पुन्हा चुकलं की कार्ड बंद आणि दिवसाचा खाडा. ती रडकुंडीला आली. "ताई, सांगा की. तुमी दरसाल देताय, तुमाला ठावं आसंल."

ठाऊक होतंच. पण तो शब्द स्वतःबद्दल माझ्या तोंडातून निघेना. माझं उत्तर मी नेहमी डाव्या हाताने दाबते. त्या दिवशी उजव्या हाताचा मोजा काढला आणि त्याच तुटक्या बोटाने तिच्या पडद्यावरचं 'निष्काळजीपणा' दाबलं.

बरोबरची हिरवी खूण उमटली. तिने ती पाहिलीच नाही, ती माझ्या बोटाकडे बघत होती.