आत्याची अठरा गाठोडी

पेठ रोडवर झेरॉक्सचं दुकान चालवणारा किशोर गावित सहा वर्षं एक पुस्तक लिहितोय, सुरगाण्याकडच्या भाताच्या जुन्या वाणांवर. सांगणारी एकच, त्याची आत्या भागीबाई. तिच्या कणगीत बियाण्याची अठरा गाठोडी होती. बी हातात असल्याशिवाय त्याच्याबद्दल बोलायचं नाही, हा तिचा नेम, आणि गाठोडी सुटायची ती फक्त पेरणीच्या आधी. वर्षाला दोन-तीन वाणांची हकिकत सांगून झाली की ती पुन्हा गाठ मारायची.

गेल्या मे महिन्यात किशोर गेलाच नाही. अर्धवट पुस्तकं पूर्ण करायला अनुदान देणाऱ्या एका संस्थेचा बावीस पानी अर्ज भरत बसला होता. न लिहिलेल्या प्रकरणांचासुद्धा सारांश मागतात ही माणसं, आणि हा शहाणा तो देत बसला. पुढच्या वर्षी रेकॉर्डर घेऊन महिनाभर आत्याकडेच राहायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

आत्या जानेवारीत गेली. अनुदान मंजूर झाल्याचं पत्र फेब्रुवारीत आलं.

निदान बियाणं तरी जाणत्या कुणाला दाखवावं म्हणून तो गावी गेला. कणगी रिकामी होती.

"आत्याच्या बाराव्याला माणसं लय आली, घरातला तांदूळ पुरला नाय," वहिनी म्हणाली. "मग ते सगळं एकत्र कांडून शिजवलं."

किशोर त्या पंगतीत होता. भाताला वास छान आहे म्हणत त्यानं दोनदा मागून घेतला होता.