पोतं, बायको आणि अॅव्हरेज

साडूभाऊंची आणि माझी मोटरसायकल एकच. कंपनी एक, मॉडेल एक, काळा रंग एक, आणि घेतल्याही एकाच दसऱ्याला, एकाच शोरूममधून. ते कामोठ्याला राहतात, मी खारघरला, त्यामुळे दोन्ही गाड्या खातात तेही त्याच सायन-पनवेल रस्त्याचे खड्डे. फरक एवढाच की त्यांची गाडी म्हणे माझ्यापेक्षा जास्त अॅव्हरेज देते.

हे ‘म्हणे’ मला पचत नव्हतं. घरात काहीही कार्य असो, जेवणं झाली की साडूभाऊ बडीशेप चघळत विचारायचे, “काय, तुमची किती देते?” म्हशीच्या दुधाची चौकशी करावी तसं. मी आकडा सांगायचो. ते मान हलवून म्हणायचे, “सर्व्हिसिंग कुठं करता?” बस्स. एवढ्यावर माझा आठवडा खराब व्हायचा. ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत, मुलगी कॉलेजात आहे, आणि मी रात्री अंथरुणात टायरच्या हवेचा विचार करत पडायचो. काय म्हणावं याला!

गणपती झाल्यावर माणगावजवळच्या सासुरवाडीला जायचं ठरलं. मेहुणी आधीच पोचली होती. साडूभाऊ गाडीने निघणार होते आणि मीही. त्यात बायको म्हणाली, “मी पण गाडीवरच येणार.”

याला फार मोठा अर्थ होता. मणक्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तिला मोटरसायकल बंद केली होती. लग्नानंतर आम्ही गाडीवरून किती हिंडलो असू! ते सगळं थांबलं होतं. आता कुठे परवानगी मिळाली होती, तीही मध्येमध्ये थांबत जायच्या अटीवर. तिने नवीन जॅकेट आणलं, हेल्मेट पुसून ठेवलं. म्हणाली, “अहो, कोलाडच्या पुढे भातशेतं लागली की थांबायचं हं. मला नुसतं उभं राहून ते हिरवं बघायचंय.”

मी “थांबू की” म्हटलं, पण माझ्या डोक्यात काय आलं असेल? साडूभाऊ एकटे, आम्ही डबल सीट. म्हणजे माझं अॅव्हरेज पडणार!

हे मी साडूभाऊंना फोनवर बोलूनही दाखवलं. ते दिलदार माणूस. म्हणाले, “टेन्शन नको. वहिनींच्या वजनाचं पोतं बांधतो मागे. सासूबाईंना नाहीतरी बटाटे हवेच आहेत.” झालं. वाशीच्या मार्केटातून बटाटे आले. आमच्या सेक्टरातल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर आधी बायको उभी राहिली, मग पोतं ठेवलं. चार बटाटे काढले, दोन घातले. तेव्हा ती हसली होती हो, खरंच हसली होती. म्हणाली, “बघा हं, नेताना आमची अदलाबदल कराल.”

सकाळी खारघरच्या पंपावर दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. पद्धत अशी की टाकी भरायची, मीटर शून्यावर आणायचा आणि पुढच्या पंपावर परत काठोकाठ भरायची. जेवढं मावलं तेवढं गाडी प्यायली. गाडी मेन स्टँडवरच हवी, साइड स्टँडवर कलली की हिशोब चुकतो. यावर मी पंपावरच्या माणसाला छोटंसं व्याख्यान दिलं. मागच्या रिक्षावाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निघालो. गाडी मी अशी चालवली की पेणपर्यंत आम्हाला टेम्पोच काय, स्कूटीवरच्या आजीबाईही ओव्हरटेक करून गेल्या. ब्रेक नाही, पिकअप नाही. वडखळला बायको म्हणाली, “चहा घेऊ या का?” मी म्हटलं, “थांबलं की अॅव्हरेज जातं.” नागोठण्याला म्हणाली, “कंबर जरा मोकळी करू दे.” मी म्हटलं, “कोलाडच्या पंपावर उतरायचंच आहे की.” त्यानंतर ती काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं तिला.

कोलाडच्या पंपावर ती उतरली आणि कमरेवर हात ठेवून चालत बाजूला गेली. मी परत मेन स्टँड, परत काठोकाठ. पहिला निकाल लागला आणि साडूभाऊंच्या गाडीने मला किंचित हरवलं. पोतं घेऊनसुद्धा! माझं डोकं फिरलं. तावातावाने दोन्ही टायरमध्ये हवा भरून घेतली, हेल्मेट चढवलं आणि साडूभाऊ सुटे पैसे घेत होते तेवढ्यात गाडी पुढे काढली.

आणि काय सांगू! गाडी वाऱ्यासारखी निघाली. चढ कळेना. थ्रॉटलला नुसतं बोट लावलं तरी पळतेय. मी मनाशी म्हटलं, बघ, हवा! सगळा खेळ हवेचा होता! खिशातला फोन सारखा थरथरत होता. म्हटलं, साडूभाऊ हार कबूल करायला करत असतील, करू देत.

दोन्ही बाजूंना भातशेतं सुरू झाली. लोंब्या फुटायच्या बेतातलं भात, हिरवंगार. थांबायला हवं होतं, पण गाडी अशी लागलेली, थांबवणार कोण? मग मला जरा वाईट वाटलं. मी मान किंचित वळवून मोठ्याने म्हटलं, “बघ गं, तुझं हिरवं आलं. येताना नक्की थांबू.” ती गप्प. रागावली असेल म्हणून मी आणखी म्हटलं, जे इतक्या वर्षांत कधी बोललो नव्हतो, “खरं सांगू? तू मागे नसलीस की गाडी चालवायला मजाच येत नाही बघ.” तरी गप्प. म्हटलं, लाजली.

माणगावच्या पंपावर टाकी भरली. आकडा बघून मी अक्षरशः ओरडलो. असलं अॅव्हरेज कंपनीनेही कधी छापलं नसेल! “अगं, ऐकलंस का,” म्हणत मागे वळलो.

मागे तिची पिशवी होती, दोरीने नीट बांधलेली. तिचा फोन पिशवीत वाजत होता.

 कुठे पडली की काय, रस्त्यात, मणका, काय काय मनात आलं. मी गाडी उलट्या दिशेला वळवली. तेवढ्यात साडूभाऊ आले. त्यांच्या मागे पोतं नव्हतं, माझी बायको होती.

ती उतरली. हेल्मेट काढलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“वाटेत माझ्याशी काही बोललात का?” तिने शांतपणे विचारलं.

“हो.”

“काय?”

सांगावं लागलं. साडूभाऊ आणि पंपावरची दोन माणसं कान देऊन उभी असताना मी ते वाक्य परत म्हणालो. साडूभाऊ हसता हसता खाली बसले. ती हसली नाही.

“आणि अॅव्हरेज?”

तेही सांगितलं. माझी जीभ, दुसरं काय!

तिने पिशवी सोडवून घेतली. “भावोजींनी माझ्यासाठी पोतं कोलाडला टाकलं,” ती म्हणाली. “आई बटाट्यांची वाट बघत असेल. जा, घेऊन या. माझ्याच वजनाचं आहे. हिरवं लागलं की थांबा त्याच्याबरोबर.” आणि भावोजींच्या मागे बसून निघून गेली.

मी गेलो. पोतं पंपाच्या ऑफिसबाहेर भिंतीला टेकून बसलेलं होतं. ते बांधलं, निघालो, आणि दर वळणाला एक हात मागे नेऊन ते आहे ना ते चाचपत राहिलो. भातशेतं आली तेव्हा थांबलो. गाडी मेन स्टँडवर लावली. कोलाडच्या पंपावर ती कंबर धरून चालत गेली होती ते आठवलं आणि भर रस्त्यात रडू आलं मला, बटाट्यांसमोर.

घरी पोचलो तर ती पडवीत सासूबाईंजवळ बसली होती. पोतं खाली ठेवून मी समोर उभा राहिलो.

“थांबलात?”

“थांबलो.”

“कसं होतं?”

“छान होतं. तू हवी होतीस.”

तिने पोत्याची गाठ चाचपून पाहिली. मग म्हणाली, “परवा परत जाताना थांबायचं. मी सांगेन तिथं, सांगेन तितका वेळ. आणि एक लक्षात ठेवा, पंपावर मी उतरणार नाही.”